छाप्यानंतरची वर्षे: मानवी तस्करीचा तपास पोलीस कसा करतात

पायात साखळी दिसली की तपास करणाऱ्या पोलिसाचे निम्मे काम झालेले असते. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी पोलिसांना ती दिसली. विहीर खोदायच्या कामावर आणलेले अकरा मजूर त्यांनी सोडवले. ठेकेदार त्यांच्याकडून दिवसाला बारा-बारा तास खोदकाम करून घेत, रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधून ठेवत आणि मजुरीच्या नावाने ठणठणाट. त्यांच्यातला एक जण निसटला, त्याने बाहेर जाऊन सांगितले, म्हणून बाकीचे सुटले.

अशी बातमी वाचली की अंगावर काटा येतो. शिवाय गुलामगिरी म्हणजे हेच, असेही आपल्या डोक्यात पक्के बसते. पण मानवी तस्करीच्या तपासात काही वर्षे घालवलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा, साखळी हा अपवाद असतो. बहुतेक ठिकाणी दार उघडे असते. आतला माणूस स्वतःच्या पायाने चहाच्या टपरीवर जातो, फोनवर बोलतो, आणि पोलिसांनी विचारले तर "मी माझ्या मर्जीने आलो" असे सांगतो. हे वाक्य ऐकल्यावर पोलीस परत फिरतो की पुढचा प्रश्न विचारतो, यावर प्रकरणाचे भवितव्य ठरते. हा पुढचा प्रश्न कुठला, तो कुणी विचारायचा आणि नंतर काय घडते, हे जरा सावकाश पाहू.

कायद्याला नेमके काय सिद्ध करून हवे असते

भारतात माणसाची खरेदी-विक्री आणि वेठबिगारी राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नेच बंद केली. त्यानंतर वेगवेगळे कायदे आले. १९५६ चा वेश्याव्यवसायासंबंधीचा कायदा, ज्याला पोलीस ठाण्यात सगळे 'पिटा' म्हणतात. १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा. पण 'मानवी तस्करी' या गुन्ह्याची आजच्या अर्थाने व्याख्या आपल्या दंडसंहितेत यायला २०१३ उजाडले. संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविरोधी पालेर्मो करार २००० सालचा, भारताने तो २०११ मध्ये मान्य केला, आणि दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींनंतर दंडसंहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम १४३ म्हणून आले. जाता जाता शोषणाच्या यादीत भीक मागायला लावणेही घातले गेले.

या कलमाखाली तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, कुणीतरी माणसाला कामावर घेतले, नेले, ठेवून घेतले, दुसऱ्याच्या हवाली केले किंवा ताब्यात घेतले. दुसरी, त्यासाठी धमकी, बळजबरी, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष वापरले. तिसरी, हे सगळे शोषणासाठी केले. आणि मग कलमात एक छोटे वाक्य येते: पीडिताची संमती होती की नाही याला महत्त्व नाही. 'मी माझ्या मर्जीने आलो' या उत्तरावर तपास संपू नये तो याच वाक्यामुळे. नोकरी मिळेल म्हणून मर्जीने आला असेल, पण काय नोकरी सांगितली होती आणि काय मिळाली, हे विचारायचे राहतेच.

सरहद्द ओलांडली पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नाही. शेजारच्या तालुक्यात नेले तरी गुन्हा होतो. लोकांना वाटते तस्करी म्हणजे बांगलादेश, नेपाळ, दुबई. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली लहान मुले अहमदनगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला ठेवल्याचे उघडकीला आले. आईबापांना मिळालेला मोबदला काही हजार रुपये आणि कुणाला एखादी मेंढी. त्यातल्या एका लहान मुलीचा मृत्यू झाला तेव्हा कुठे वर्तमानपत्रांनी आणि प्रशासनाने त्या वस्तीकडे पाहिले. नाशिकहून नगर म्हणजे एसटीचा अर्ध्या दिवसाचा प्रवास.

शिक्षा जबर आहे. एका प्रौढ व्यक्तीची तस्करी केली तर किमान सात वर्षे, अल्पवयीन असेल तर किमान दहा, एकापेक्षा जास्त मुले असतील तर किमान चौदा. आणि गुन्ह्यात सरकारी नोकर किंवा पोलीस सामील असेल तर उरलेले सगळे आयुष्य तुरुंगात. हे शेवटचे पोटकलम ज्यांनी लिहिले, त्यांना या धंद्यात वर्दीतली माणसे कधीकधी कुठल्या बाजूला उभी असतात याची चांगलीच कल्पना असणार.

उचल नावाची साखळी

तर मग साखळी नसेल तर माणूस का पळून जात नाही? बहुतेक वेळा उत्तर आहे कर्ज. महाराष्ट्रात याला उचल म्हणतात. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, ऊसतोडीला जाण्याआधी मुकादम काही रक्कम हातात ठेवतो. लग्न, आजारपण, पावसाळ्यातले रिकामे दिवस यांत ती संपते. मग काम करून फेडायची. हिशेबाची वही मुकादमाकडे. आजारी पडला तर खाडा धरला जातो, मधेच गावी गेला तर दंड लागतो, आणि हंगाम संपतो तेव्हा 'अजून इतके बाकी' असे सांगितले जाते. ते पुढच्या वर्षीच्या माथी.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असे मात्र म्हणता येत नाही, आणि इथेच पोलिसाला विचार करावा लागतो. आगाऊ पैसे घेऊन ठरलेले काम करणे हा गुन्हा नाही. पैशाच्या मोबदल्यात माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे, गाव सोडण्याचे किंवा किमान वेतन मिळवण्याचे स्वातंत्र्य गेले, तर १९७६ चा कायदा लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, यापुढे जाऊन सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावे लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच. कारण भूक हीही सक्ती असते. म्हणून वीटभट्टीवर गेलेल्या पोलिसाने "तुला कुणी मारले का?" एवढेच विचारून भागत नाही. उचल किती घेतली, कधी, किती फिटली हे कुणी सांगितले, मागच्या दिवाळीला गावी गेला होतास का, आधार कार्ड कुणाजवळ आहे, बायकोची मजुरी कुणाच्या हातात पडते, हे विचारावे लागते. वही जप्त करावी लागते. ती मिळाली तर न्यायालयात तिच्यासारखा साक्षीदार नाही.

वेठबिगाराची सुटका जाहीर करण्याचा अधिकार पोलिसाला नाही. तो जिल्हाधिकाऱ्याचा किंवा प्रांताचा. त्यांनी दिलेले मुक्तता प्रमाणपत्र हातात आले की जुने कर्ज कायद्याने संपले. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, आणि लैंगिक शोषणासारख्या अत्यंत गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये ठेवलेले आहेत. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत मिळते. मोठी रक्कम मात्र गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेली आहे. म्हणजे खटला दहा वर्षे चालला तर पैसेही दहा वर्षांनी. मधल्या काळात तो माणूस खाणार काय? पुन्हा उचल घेणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

छापा

वर्तमानपत्रात येतो तो भाग हा. 'बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री केली, इतक्या महिलांची सुटका, दोघे अटकेत.' मुंबईत हे काम वर्षानुवर्षे पोलिसांची समाजसेवा शाखा करत आली, जिल्ह्यांत अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष. काम धोक्याचे असतेच, पण पद्धत ठरलेली आहे. बातमीदार किंवा संस्था खबर देते. बनावट गिऱ्हाइकाला दिलेल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवतात. पिटा कायद्यात अशी कारवाई करणारा विशेष पोलीस अधिकारी निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. सोबत किमान दोन महिला पोलीस हव्यात. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत आणि त्यांतली एक स्त्री. बाईची चौकशी महिला अधिकाऱ्यानेच करायची, ती नसेल तर महिला कार्यकर्तीच्या समोर. वॉरंटशिवाय आत शिरता येते, पण का शिरावे लागले याची कारणे आधी लिहून ठेवावी लागतात.

हे सगळे नीट झाले तरी खरी अडचण दार उघडल्यानंतर सुरू होते. समोर दहा बायका. त्यांत आरोपी कोण, पीडित कोण? जी आज 'घरवाली' म्हणजे कुंटणखाना चालवणारी म्हणून पैसे मोजते आहे, ती वीस वर्षांपूर्वी अशाच खोलीत विकली गेलेली असू शकते. कुणाचे वय काय? प्रत्येकीला पढवलेले असते: वीस सांग, बावीस सांग, नाव हे सांग. बनावट आधार कार्ड तयार असते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवायला आधी शाळेचा किंवा मंडळाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या क्रमात नाही. हाडांच्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि मुलगी सतरा की एकोणीस यावर पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, लागणार की नाही हे ठरते. म्हणून मुंबईत बसलेल्या एखाद्या फौजदाराला बंगालमधल्या कुठल्याशा गावातल्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरची नक्कल मागवत बसावे लागते. या कामाची बातमी होत नाही.

आपल्याकडे हे शहाणपण किंमत मोजून आले. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दखल घेतल्यावर पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपास मोठी कारवाई केली. चारशेच्या वर मुली-स्त्रिया ताब्यात आल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या. त्यांना ठेवायचे कुठे हे मात्र कुणी ठरवलेले नव्हते. सुधारगृहे भरून गेली. एचआयव्हीच्या भीतीने नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला काचकूच करत राहिले. अखेर नेपाळी संस्थांनी पुढाकार घेतल्यावर जुलैमध्ये शंभरावर मुली मायदेशी पोचल्या. सोडवलेली मुलगी महिनोन्महिने कोंडलेलीच, फक्त कुलूप सरकारी.

नंतर २००२ मध्ये 'प्रेरणा' या मुंबईच्या संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने काही गोष्टी स्पष्ट केल्या. अशा ठिकाणी सापडलेली अल्पवयीन मुलगी ही आरोपी नाही, तिला काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल मानायचे आणि बालकल्याण समितीसमोर न्यायचे. आणखी एक निर्देश वाचताना आजही डोळे विस्फारतात: कुंटणखान्याच्या आरोपींचा वकील त्याच प्रकरणातल्या पीडित मुलींचा वकील म्हणून उभा राहू शकत नाही. हे उच्च न्यायालयाला सांगावे लागले, म्हणजे तोवर काय चालत होते पाहा. मालकाचाच वकील यायचा, मुलींच्या वतीने अर्ज करायचा, आणि मुली जिथून आल्या तिथे परत.

प्रौढ स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे, आणि चांगल्या हेतूचे लोक इथे घसरतात. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की वेश्याव्यवसाय करणे हा पिटाखाली स्वतःहून गुन्हा ठरत नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात डांबता येणार नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना अटक, दंड, छळ करू नका असे बजावले. मला हे बरोबर वाटते. पिटाच्या कलम ८ खाली वर्षानुवर्षे ग्राहक हेरण्याच्या आरोपावरून बायकाच पकडल्या गेल्या. दंड मालकिणीने भरला आणि तो त्यांच्याच कर्जात चढवला. पोलिसांच्या तक्त्यात कारवायांची संख्या वाढली, दलाल मात्र मोकळा. गोव्यात २००४ मध्ये वास्कोजवळची बायना किनाऱ्यावरची वस्तीच पाडली. धंदा थांबला नाही, लॉजमध्ये आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये पांगला, आणि तिथे पोचणे पोलिसांना आणि संस्थांना आणखी अवघड झाले.

एकशे सहासष्टावी मुलगी

पोलिसाच्या कारकिर्दीबद्दल बोलायचे तर मला आयपीएस अधिकाऱ्यांच्या आधी राजेंद्र धोंडू भोसले आठवतात. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक फौजदार. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात हरवलेल्या मुलींच्या १६६ तक्रारी त्यांच्याकडे आल्या. त्यांतल्या १६५ मुली सापडल्या. हे सगळे तस्करीचे गुन्हे नव्हते. कुणी घरात भांडून गेलेली, कुणी प्रेमात पडून, कुणी वाट चुकून. पण मिसिंगची नोंद हेच तस्करीच्या तपासाचे पहिले पान असते, आणि ते पान कोण किती गांभीर्याने लिहितो यावर पुष्कळ अवलंबून असते. मूल हरवल्यावर चोवीस तास थांबा, असा कुठलाही नियम नाही. उलट मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की हरवलेल्या प्रत्येक अल्पवयीन मुलाची तक्रार अपहरण किंवा तस्करीच समजून गुन्हा नोंदवा, आणि तसे नाही हे तपासात सिद्ध होऊ द्या.

१६६ वी मुलगी त्या आदेशाच्या काही महिने आधी, २२ जानेवारी २०१३ ला शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली. वय सात. भोसले मे २०१५ मध्ये निवृत्त झाले तेव्हाही ती सापडली नव्हती. ते शोधत राहिले. तिचा फोटो त्यांच्या पाकिटात असे. तिच्या घरच्यांच्या संपर्कात राहिले. निवृत्त माणसाला ना अधिकार, ना गाडी, ना शिपाई. होती ती फक्त माहिती, आणि कुणालातरी ती अजून आठवते आहे ही गोष्ट.

ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, सोळा वर्षांची. मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला उचलून नेले होते. पुढे त्यांना स्वतःचे मूल झाले, आणि ही मुलगी त्या मुलाला सांभाळणारी, घरकाम करणारी, मार खाणारी मोलकरीण झाली. काही वर्षे तिला मुंबईबाहेर ठेवले होते. सापडली तेव्हा ती आपल्या आईच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत राहत होती. तिला बाहेर काढणारा धागा पोलिसांच्या यंत्रणेतून आला नाही. घरकाम करणाऱ्या एका बाईने तिचे ऐकून घेतले, इंटरनेटवर जुने 'हरवली आहे' पोस्टर सापडले, त्यावरच्या क्रमांकांपैकी एक अजून लागत होता. पोस्टरवर क्रमांक होते म्हणून फोन करता आला. नऊ वर्षांपूर्वी ती पोस्टरे छापून चिकटवणाऱ्यांची मेहनत अशी उपयोगी पडली.

या प्रकरणात अपहरणाबरोबर मानवी तस्करी आणि सक्तीच्या मजुरीची कलमेही लागली. घरकामाला ठेवलेले लहान मूल आपल्या सोसायटीत दिसते तेव्हा त्या चित्राला आपण गुलामगिरी म्हणत नाही. 'गावाकडची आहे, शिकेल, खाईल-पिईल' म्हणतो. लिफ्टमध्ये तिच्याकडे रोज पाहणाऱ्यांपैकी एकाने जरी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन केला, तरी पुष्कळ.

बदली

भोसले सात वर्षे एकाच ठाण्यात एकच काम करत राहिले, हा योगायोग आहे. व्यवस्था तशी चालत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार उपनिरीक्षक ते निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा एका ठाण्यातला वा शाखेतला काळ साधारण दोन वर्षांचा. भ्रष्टाचाराला आळा घालायला बदल्या हव्यात हे मान्य. पण मानवी तस्करीच्या तपासाला लागते ती नेमकी उलटी गोष्ट: ओळखी, विश्वास, लांबची आठवण. कुठल्या गावातून कुठला दलाल मुली आणतो, कुठल्या जिल्ह्यातले कोण तपासात मदत करते, कुठली संस्था खरी आणि कुठली फोटोपुरती, कुठल्या लॉजचा मालक कुणाचा भाचा, हे कळायलाच दीड वर्ष जाते. कळेपर्यंत अधिकारी वाहतूक शाखेत.

त्यात या कक्षांना खात्यात फारसा मान नाही. खुनाचा तपास, दरोड्याचा तपास याला वजन. मानवी वाहतूक कक्षातली नेमणूक म्हणजे बाजूला टाकणे, अशी भावना असते. कर्मचारी कमी, त्यांतले निम्मे बंदोबस्ताला. गणपती आले, निवडणूक आली की कक्षाला कुलूप.

ही स्थिती बदलायचा प्रयत्न वरच्या पातळीवर ज्यांनी नेटाने केला, त्यांत पी. एम. नायर यांचे नाव घ्यावे लागते. बिहार केडरचे १९७८ च्या तुकडीचे आयपीएस अधिकारी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी त्यांनी २००२ नंतर देशभर केलेल्या अभ्यासात चार हजारांवर लोकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या: पीडित, दलाल, कुंटणखान्यांचे मालक, गिऱ्हाईक आणि खुद्द पोलीस. दलालांशी पद्धतशीर बोलणारा आणि आपल्याच खात्याला प्रश्न विचारणारा असा अभ्यास त्याआधी झाला नव्हता. त्यातून पुढे आलेली बाब साधी होती: पीडितेलाच गुन्हेगार म्हणून पकडले जाते आणि मूळ गावातली साखळी तशीच राहते. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने पोलीस आणि वकिलांच्या प्रशिक्षणाचा जो प्रकल्प सुरू झाला त्यात महाराष्ट्र आणि गोवा ही पाच राज्यांपैकी दोन. आज जिल्ह्याजिल्ह्यांत दिसणारे कक्ष त्या कामातून वाढले. नायर पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवायलाही होते.

ब्रिटनमध्ये यासाठी वेगळी वाट काढली. २०१५ च्या कायद्याने गुलामगिरी, सक्तीची मजुरी आणि मानवी तस्करी हे गुन्हे 'आधुनिक गुलामगिरी' या एकाच छत्रीखाली आणले आणि सरकारवर नजर ठेवायला स्वतंत्र आयुक्त नेमला. पहिले आयुक्त केविन हायलँड, लंडन पोलीस दलात मानवी तस्करीविरोधी पथक चालवलेले तपास अधिकारी. २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि गृहखाते आपले स्वातंत्र्य कागदावर जितके आहे तितके मानत नाही, असे सुचवूनच दिला. म्हणजे कायदा नवा असला तरी दुखणे ओळखीचेच.

पीडित आणि आरोपी एकच असतो तेव्हा

गेल्या तीन-चार वर्षांत एक नवा प्रकार आला आहे, आणि जुन्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसाला तो चक्रावून टाकतो. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून तरुणांना नेतात. तिथून सरहद्दीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीच्या भागात, किंवा कंबोडिया, लाओसमध्ये. पासपोर्ट काढून घेतात. आत बसून त्यांना भारतातल्याच लोकांना फसवणारे फोन आणि मेसेज करायला लावतात. ठरलेली फसवणूक झाली नाही तर मार, वीजेचे झटके, सुटायचे तर लाखोंची मागणी. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोटहून दोन फेऱ्यांत ५४९ भारतीयांना परत आणले.

आता विमानातून उतरलेल्या या मुलाने कुणा निवृत्त शिक्षकाची पुंजी लुबाडलेली असू शकते. तो गुन्हेगार की पीडित? तो मर्जीने गेला, पगार घेतला, काही जण तर पुढे इतरांना बोलावणारे दलालही झाले. इथेही तेच तीन प्रश्न: कुणी नेले, काय सांगून नेले, कशासाठी वापरले. बाहेर पडायचा दरवाजा त्याला उघडा होता का? गावातल्या त्याच्या एजंटचे खाते तपासले तर उत्तर लवकर मिळते, कारण माणशी कमिशन त्यात जमा झालेले असते. वीटभट्टीच्या वहीसारखाच हाही पुरावा.

जगभर अशा सगळ्या प्रकारांत अडकलेल्यांचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज २०२१ साली सुमारे ५ कोटींचा होता: पावणेतीन कोटींच्या वर सक्तीच्या मजुरीत, बाकीचे सक्तीच्या विवाहात. आणि आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ मध्ये देशभरात मानवी तस्करीचे गुन्हे किती? २,२५०. इतक्या मोठ्या देशात. हा आकडा गुन्हा किती घडतो हे सांगत नाही, किती वेळा तो ओळखून लिहिला जातो हे सांगतो. पुष्कळ ठिकाणी फक्त पिटा लावतात, किंवा बालकामगार कायदा, किंवा नुसते अपहरण. तस्करीचे कलम लावले की तपास परराज्यात न्यावा लागतो, खर्चाची मंजुरी, रेल्वे प्रवासाचे वॉरंट, तिथल्या पोलिसांची साथ. ठाण्यावर वीस गुन्हे प्रलंबित असलेला अधिकारी सोपे कलम निवडतो.

साक्ष

आणि मग खटला. गुन्हा नोंदवला त्या दिवशी मुलगी सोळा वर्षांची असेल, साक्षीला उभी राहते तेव्हा चोवीस. तोवर ती झारखंडला किंवा बांगलादेशात परतलेली असते, लग्न झालेले असते, नवऱ्याला काही माहीत नसते. समन्स घेऊन खाकीतला माणूस दारात गेला की तिचा संसार उधळला. त्यामुळे ती येत नाही, किंवा येते आणि फितूर होते. मुलीच्या भावाला आरोपीच्या माणसांनी गाठून काही रक्कम दिलेली असते, हेही नेहमीचेच.

याला उपाय आहेत, आणि ते नवीन नाहीत. सुरुवातीलाच दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेला जबाब. साध्या वेशातली महिला पोलीस आणि संस्थेची कार्यकर्ती मिळून समन्स पोचवणे. व्हिडिओद्वारे साक्ष: सर्वोच्च न्यायालयाने ती २००३ मध्येच, महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात, मान्य केली. कोविडनंतर बहुतेक न्यायालयांत यंत्रेही आली. फोनच्या नोंदी, बँकेची खाती, लॉजचे रजिस्टर, तिकिटे असा पुरावा असला तर सगळा भार एका मुलीच्या शब्दावर पडत नाही. अनुभवी तपासी अंमलदार पहिल्या दिवसापासून हाच विचार करून पुरावा गोळा करतो: उद्या ती आली नाही तरी खटला उभा राहिला पाहिजे.

तोवर त्याची स्वतःचीही दोन-तीन ठिकाणी बदली झालेली असते, कधी तो निवृत्तही झालेला असतो. समन्स त्यालाही येते. सोलापूरहून किंवा सावंतवाडीहून रात्रीची गाडी पकडून तो सकाळी सत्र न्यायालयात हजर होतो, सध्याच्या ठाण्याच्या शिपायाकडून जुनी कागदपत्रे मागून घेतो आणि बाकावर बसून आठ वर्षांपूर्वीचा आपलाच पंचनामा वाचतो. आरोपीचा वकील पहिला प्रश्न बहुधा पंच स्त्री होती का, हाच विचारतो. त्या दिवशी एक प्रतिष्ठित स्त्री पंच शोधायला अर्धा तास जास्त घालवला असेल, तर उत्तर देता येते.